घर आमचं, भाट भाटकाराचं

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : आम्ही मांद्र्याला राहतो. घराच्या मागे चार खोल्या बांधल्यात, गेली नऊ वर्षं त्या पर्यटकांना देतो. दहातले नऊ पाहुणे एका मोठ्या बुकिंग कंपनीच्या ॲपवरून येतात. कंपनी दर बुकिंगमागे १८ टक्के कापून घेते, यादीत वर दिसायचं असेल तर आणखी मागते. आमच्या स्वतःच्या कार्डावर किंवा फोनवर त्याहून कमी दर सांगायचा नाही, अशी अट आहे. गेल्या डिसेंबरात ऐन हंगामात आमचं नाव ॲपवरून ११ दिवस गायब झालं. तेव्हा खोलीला रात्रीचे ३,००० मिळतात. फोन केला की यंत्र बोलायचं, ईमेल केला की तेच ते ठरावीक उत्तर. बाराव्या दिवशी नाव आपोआप परत आलं. कारण आजवर कळलेलं नाही. मुलगा म्हणतो, अमेरिकेत सरकारनेच गूगल-फेसबुकवर खटले घातलेत, आपल्या सरकारनेही या कंपन्या फोडून टाकाव्यात. हे म्हणतात, कंपनी गेली तर पाहुणे कोण आणणार? तुम्ही कोर्टातल्या, तुम्हीच सांगा कोण बरोबर.
एक वाचक, मांद्रे

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचताना मला माझ्या आजीच्या घराचं छप्पर डोळ्यांपुढे आलं.

पेडण्यातलं आजीचं घर भाटात, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) माडांच्या बागेत होतं. भिंती आजोबांनी हाताने उभारलेल्या, जमीन भाटकाराची. छप्पर चुडतांचं, म्हणजे माडाच्या झावळ्यांचं. दर वर्षी मे महिन्यात आजी आणि आत्या अंगणात पाय पसरून चुडतं विणत बसायच्या, पहिल्या पावसाआधी छप्पर शाकारायचं म्हणून. हाताला चिरा पडायच्या. नळे (कौलं) का घालत नाही, असं मी एकदा विचारलं तर आजी म्हणाली, भाटकार हो म्हणत नाही. नळे घातले की घर पक्कं झालं, आणि पक्क्या घरातला माणूस उद्या हक्क सांगतो. भाटकार वाईट नव्हता. आईच्या लग्नात त्याने तांदूळ पाठवले होते. पण उद्या तो "इथून उठा" म्हणाला असता तर दाद कुठे मागायची, हे आजीला ठाऊक नव्हतं.

तुमच्या खोल्या तुमच्या आहेत. चादरी तुम्ही धुता, पहाटे चारला मोपा विमानतळावरून आलेल्या पाहुण्याला दार तुम्ही उघडता. पण पाहुणा ज्या वाटेने येतो ती वाट दुसऱ्याची आहे, आणि त्या दुसऱ्याने ११ दिवस ती बंद केली तेव्हा तुम्हाला कारणसुद्धा मिळालं नाही. मी ३१ वर्षं मामलेदाराच्या कचेरीत आणि म्हापशाच्या कोर्टात मुंडकारांचे (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे) आणि कुळांचे खटले चालवते आहे. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या मुलाचा राग अगदी रास्त आहे. फक्त त्याने सुचवलेलं औषध तुमच्या घरापर्यंत पोचायला फार वेळ लागतो. तोपर्यंत तुम्हाला दुसरं काहीतरी हवं, आणि ते मागायला आपण फार कमी पडतो आहोत.

आधी फोडण्याचं बघू. आपल्याकडे कायद्यात त्याची सोय आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम २८ नुसार बाजारावर वर्चस्व असलेल्या कंपनीचं विभाजन करण्याचा आदेश स्पर्धा आयोग देऊ शकतो. मात्र हा कायदा मोठेपणाला गुन्हा मानत नाही. कलम ४ लागतं ते मोठेपणाचा गैरवापर झाला तर. कलम २८ हाताशी असलं तरी आयोगाचा भर दंड करण्यावर आणि अटी बदलायला लावण्यावर राहिला आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, तोही याच वळणाचा.

अमेरिकेत कंपन्या खरोखरच फोडल्या गेल्या आहेत. १९११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने रॉकफेलरची स्टँडर्ड ऑइल मोडली, तिच्या ३४ कंपन्या झाल्या. फोनचं साम्राज्य असलेल्या एटी अँड टीवर सरकारने १९७४ मध्ये खटला घातला आणि १ जानेवारी १९८४ ला ती फुटली. स्थानिक फोनसेवा सात नव्या कंपन्यांकडे गेली. दाव्यापासून फुटण्यापर्यंत नऊ वर्षांहून जास्त. मायक्रोसॉफ्टचे दोन तुकडे करा, असा हुकूम एका न्यायाधीशाने जून २००० मध्ये दिला होता, तो वर्षभरात अपिलात रद्द झाला.

फेसबुकचं उदाहरण तुमच्या मुलाला जरूर सांगा. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम घेतलं एक अब्ज डॉलरना, २०१४ मध्ये व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरना. दोन्ही वेळा कुणी अडवलं नाही. मग डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकी सरकारची यंत्रणा कोर्टात गेली, ही दोन्ही परत वेगळी करा म्हणून. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल लागला आणि सरकार हरलं. कोर्ट म्हणालं, आता टिकटॉक आहे, यूट्यूब आहे, आज या कंपनीची मक्तेदारी आहे असं तुम्ही दाखवू शकला नाहीत. कोर्टाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कोर्ट पुढ्यात असलेल्या पुराव्यावर चालतं. पण सहा-आठ वर्षं झोपलेल्या यंत्रणेचं काय? भिंत उभी राहते आहे तेव्हाच हरकत घ्यायची असते, हे आमच्याकडे पंचायतीचा शिपाईसुद्धा सांगेल. आपल्याकडे आता १० सप्टेंबर २०२४ पासून नियम लागू झाला आहे की सौदा २,००० कोटींच्या वर असेल आणि विकल्या जाणाऱ्या कंपनीचा भारतात पुरेसा व्यवसाय असेल तर आयोगाची परवानगी लागेल, मग तिची उलाढाल कितीही लहान असो. आधी अशा लहान उलाढालीच्या आणि मोठ्या किमतीच्या खरेद्या बिनबोभाट सुटायच्या. ही सुधारणा मला फार महत्त्वाची वाटते.

मग मी फोडण्याच्या विरुद्ध आहे का? नाही. एका जागी मी ठामपणे म्हणते, फोडा. शुक्रवारच्या बाजाराला तुम्ही म्हापशाला येत असाल. समजा तिथे एकच माणूस जागा भाड्याने देतो, वजनकाटा त्याचा, विकणाऱ्याचा दलाल तो आणि घेणाऱ्याचा दलालही तोच. शिवाय मोक्याच्या जागेवर त्याचं स्वतःचं दुकान. पेडण्याची मिरची घेऊन आलेली बाई त्याच्याशी काय भाव ठरवणार? एप्रिल २०२५ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यायाधीश लिओनी ब्रिंकेमा यांनी इंटरनेटवरच्या जाहिरातींच्या व्यवहारात गूगलने बेकायदा मक्तेदारी केल्याचा निकाल दिला, तो साधारण याच गोष्टीचा आहे. जागा विकणाऱ्या संकेतस्थळांची साधनं गूगलची आणि मधला सौद्याचा बाजारही गूगलचा. अशा ठिकाणी दंडाने भागत नाही. कंपनी दंड भरते आणि काटा स्वतःकडेच ठेवते. काटा काढून घ्यायला हवा.

बाजाराच्या मालकाने त्याच बाजारात दुकान मांडू नये, हे तत्त्व आपल्याला नवं नाही. २६ डिसेंबर २०१८ ला केंद्र सरकारने परदेशी गुंतवणुकीच्या ऑनलाइन बाजारांना घातलेली अट हीच होती. ज्या विक्रेत्या कंपनीत बाजाराच्या मालकाची भागीदारी आहे, तिचा माल त्या बाजारात विकायचा नाही. ती १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाली. अट परदेशी पैशापुरती का ठेवली, हे मात्र मला कधी पटलेलं नाही. देशी मालकाचा काटा काही कमी मारत नाही.

आता तुमच्या घराकडे येते. शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ मध्ये आपल्याकडे मुंडकार कायदा आला. त्याने भाटकाराचं भाट काढून घेतलं नाही. इतकंच सांगितलं, की मुंडकाराला मनाला येईल तेव्हा उठवता येणार नाही, आधी मामलेदारापुढे कारण सिद्ध करावं लागेल, आणि राहतं घर त्याला रीतसर विकत घेता येईल. पुढच्या वर्षी, १९७६ ला, कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसणारं कूळच शेताचं मालक मानलं गेलं. म्हणजे संरक्षण आधी आणि मालकीची फेरवाटणी मागून. मोडण्याचं औषधही आपण घेतलं, पण आधी उठवणाऱ्याचा हात धरला. मुंडकार म्हणून नोंद झाल्याचा कागद आला त्या वर्षी आजीने नळे घातले. माड भाटकाराचेच राहिले. नारळ पडला तर ती तो पूर्वीसारखाच त्याच्या घरी पोचवायची, पण आता उंबऱ्याबाहेर उभी न राहता सोप्यावर बसून पाणी पिऊन यायची.

तुम्हाला हवा आहे तो असला कागद. युरोपात तो आहे. तिथे १२ जुलै २०२० पासून लागू असलेल्या एका नियमाने ऑनलाइन बाजारांना बांधून घातलं आहे. एखाद्या व्यावसायिकाचं नाव थांबवायचं असेल तर कारण लेखी द्या. त्याला कायमचं काढायचं असेल तर ३० दिवस आधी कळवा. यादीत वर-खाली कशामुळे होतं ते उघड करा. तक्रार ऐकायची व्यवस्था ठेवा. हॉटेलवाला, दुकानदार, खोल्या देणारी बाई, सगळ्यांना लागू. यासाठी एकही कंपनी फोडावी लागली नाही.

आपल्याकडे काय आहे? २०२० चे ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आहेत. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची, महिन्यात निवारण करायचं. पण हे सगळं ग्राहकासाठी. तुमच्या खोलीतल्या पाहुण्याला गरम पाणी मिळालं नाही तर त्याला ४८ तासांचा हक्क आहे, आणि तुमचं दुकान ११ दिवस बंद पडलं तर तुम्हाला यंत्राचा आवाज. या नियमांतली ही फट मला सगळ्यात जास्त खटकते. डिजिटल स्पर्धेच्या कायद्याचा एक मसुदा केंद्राने मार्च २०२४ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. त्याचा कायदा झालेला नाही. आपल्या आमदार-खासदारांना मुलाने पत्र लिहायचं असेल तर "फोडा" एवढंच लिहू नये. लेखी कारण, आगाऊ नोटीस, ऐकून घेणारा माणूस, या तीन गोष्टी लिहाव्यात.

दराच्या अटीबद्दल वेगळं सांगते. तुमच्या कंपनीचं नाव मी छापत नाही, इथे येणारी नावं त्या-त्या जाहीर निकालांपुरतीच समजा. "दुसरीकडे कमी दर लावायचा नाही" ही अट स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोच्या प्रकरणात काढून टाकायला सांगितली होती. त्या कंपनीला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटींचा दंड ठोठावला होता. ती तक्रार हॉटेलवाल्यांच्या देशव्यापी महासंघाने नेली होती, एकट्या हॉटेलाने नव्हे. युरोपात बुकिंग डॉट कॉमने असल्या अटी १ जुलै २०२४ पासून सोडल्या, कारण नव्या कायद्यापुढे त्या टिकणार नव्हत्या. आयोगाचा आदेश ज्या कंपनीवर असतो तिच्यापुरता, तुमच्या करारातली अट त्याने आपोआप मरत नाही. पण अट चुकीची का, याचं उत्तर त्यात तयार आहे. मांद्रे, मोरजी, हरमल इथल्या खोल्यावाल्या पन्नास बायका एकत्र आल्या तर मी कागद तयार करून देईन, फी घेणार नाही.

तोवर एवढं करा. करार छापून काढा आणि अटींच्या पानावर खूण करा. त्या ११ दिवसांचे ईमेल, स्क्रीनशॉट तारखेवार ठेवा. चारही खोल्या भरल्या असत्या असं धरलं तर ४४ रात्रींचे १,३२,००० रुपये होतात, कमिशन वजा जाता १,०८,२४०. हा आकडा घालून कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पत्र पाठवा. ईमेलला यंत्र उत्तर देतं, अशा पत्राला कुणातरी माणसाला सही करावी लागते. आणि तुमच्या यजमानांना सांगा, त्यांची भीती मला समजते. आजोबासुद्धा हेच म्हणायचे, भाटकाराशी वाकडं नको.

प्रश्न : मी टॅक्सी चालवतो. आम्ही मोठ्या ॲपवाल्यांना गोव्यात पाय रोवू दिला नाही म्हणून आज पोटाला खातो. कंपन्या फोडत बसण्यापेक्षा आधीच अडवलेलं बरं नाही का?
एक टॅक्सीचालक, वास्को

उत्तर : भाऊ, तुम्ही अडवलंत त्यामागची भीती खोटी नाही. इतर शहरांत आधी बक्षिसं, मग वाढतं कमिशन आणि मग चालकाच्या हाती उरलेलं इंधनाचं बिल, ही तक्रार कितीतरी चालकांनी केली आहे. पण दुसरी बाजूही तुम्हाला ऐकावी लागेल. एकदा रात्री साडेअकराला सासूबाईंना घेऊन मी गाडीतून उतरले. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये. स्टेशनाबाहेर सांगतील ते भाडं, घ्यायचं तर घ्या. माझ्यासाठी त्या क्षणी भाटकार तो स्टँड होता. मक्ता कंपनीचा असो की स्टँडचा, ज्याला दुसरी वाट नाही त्याला तो सारखाच जाचतो.

एकाच मालकावर अवलंबून राहिलं की काय होतं, हे डिचोली-सांग्याच्या ट्रकवाल्यांना विचारा. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा बँकेचं कर्ज काढून घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले. मी त्या वर्षी वसुलीच्या नोटिसा घेऊन आलेल्या इतक्या माणसांना भेटले की दुसरं काम सुचत नव्हतं. टॅक्सीचं तसं होऊ नये असं वाटत असेल तर वाट आपल्या हातात घ्या. बेंगळुरूत रिक्षाचालकांच्या संघटनेच्या साथीने २०२२ मध्ये "नम्मा यात्री" सुरू झालं. ते भाड्यातून टक्केवारी कापत नाही, चालक ठरावीक छोटी रक्कम भरतो. गोव्यात सहकारी संस्था चालवायचा अनुभव गावोगाव आहे. मीटरचं भाडं, स्वतःचं ॲप आणि तक्रार ऐकणारा एक जिवंत माणूस एवढं तुम्ही उभं केलंत, तर बाहेरच्या कंपनीला रस्त्यावर उतरून अडवावं लागणार नाही. आणि माझ्यासारखी गिऱ्हाइकं तुमच्या बाजूने उभी राहतील. आज ती नाहीत, हे मनापासून सांगते.

प्रश्न : व्हॉट्सॲप फुकट आहे. ते मोठं झालं तर आमचं नुकसान काय?
कॉलेजचा विद्यार्थी, फोंडा

उत्तर : २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या अटी आणल्या, मान्य करा नाहीतर सोडा अशा थाटात. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने त्याबद्दल मेटाला (फेसबुक-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला) २१३.१४ कोटींचा दंड केला. एक वर्षाने अपिलात तो कायम राहिला, पण माहिती जाहिरातींसाठी मेटाच्या इतर कंपन्यांना द्यायची नाही ही पाच वर्षांची बंदी उठली. "सोडा" हा पर्याय खरा असता तर त्या अटी घालायची हिंमतच झाली नसती.

फोनचं बघ. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, आणि या कंपनीच्या फोनवरून त्या कंपनीच्या फोनला रिंग जातेच. त्यासाठी सरकारला कंपनी फोडावी लागली नाही, जोडणी सक्तीची करावी लागली. निरोपांच्या ॲपना हीच सक्ती युरोपाने आपल्या नव्या कायद्यात केली आहे, आपल्याकडे ती नाही. तुला माझं म्हणणं पटत नसेल तर एक कर. तुझ्या वर्गाचा ग्रुप या रविवारी दुसऱ्या कुठल्याही ॲपवर हलवायचा प्रयत्न कर. किती जण आले आणि न आलेल्यांनी काय कारण दिलं, ते वहीत लिहून मला पाठव. पुढच्या अंकात छापते.